अभयची गाडी सुरू होत नाही

१ जानेवारी, गुरुवार

ही डायरी मैत्रीने दिली. तिच्या कॉलेजात फुकट वाटली म्हणे. "आजी, तू दिवसभर बोलत असतेस आणि आजोबांना उत्तर देता येत नाही. हा अन्याय आहे. लिहीत जा." मैत्री म्हणजे माझ्या सोनालीची मुलगी. सोनाली नांदेडला असते. पोरगी वाघोलीला इंजिनिअरिंग शिकते आणि रविवारी खडकीला येऊन आम्हाला शिकवते.

माझी शाळा तिसरीपर्यंत. अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं. वाचणार कोण आहे म्हणा.

यंदा पेरण्याला स्तंभाला मानवंदना द्यायला गेलो नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून हे पहिल्यांदाच. ह्यांचं गळ्याचं ऑपरेशन दिवाळीत झालं. आवाजाची पेटीच काढून टाकली. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतात. धुळीत, गर्दीत न्यायचं नाही. ह्यांनी सकाळीच पांढरा शर्ट घातला आणि खिडकीत बसले. बाहेरून निळे झेंडे लावलेल्या गाड्या जात होत्या. मी म्हटलं, शर्ट काढा, पेज सांडेल. काढला नाही. सांडलीच.

गेल्या साली अभयच्या गाडीतून गेलो होतो. अभय माझा मुलगा. चाळिशी उलटली. लग्न केलं नाही, गाडी केली. शाळेची जुनी बस घेतली, बाकडी उपटली, आत पलंग, ओटा, नळ, पंखा, सगळं बसवलं. लोकांना हिमालय दाखवतो. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांशी जे काय बोलायचं ते तोच आत जाऊन बोलला. बाहेर आला, "सगळं ठीक आहे आई, आराम करू दे त्यांना" म्हणाला, आणि थोड्या दिवसांनी गिऱ्हाईक आलंय म्हणून निघून गेला. बापाचा आवाज गेला आणि ह्याला बर्फ आठवला.

५ जानेवारी

अभयचा फोन. हिमाचलात कुठल्या तरी गावात अडकलाय. गावाचं नाव दोनदा सांगितलं, मला दोन्ही वेळा वेगळं ऐकू आलं. गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीने खाली गेलं. हा एका घरात राहतोय, गाडी दारात उभी. घराच्या गच्चीवर चढलं की फोन लागतो.

"सुरू होत नाही आई. किल्ली फिरवली की नुसतं कट कट वाजतं आणि दिवे मंद होतात. रात्री उणे अठरा असतं इथं."

"मग बसने ये."

"गाडी कशी टाकून येऊ? सगळं तीच आहे माझं."

सगळं तीच. बरं.

फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. हे ऐकत होते. हे कारखान्यात वायरमन होते, रिटायर होईपर्यंत. लगेच पाटी मागितली. ह्यांना लिहायला मैत्रीने लहान पोरांची पाटी आणून दिलीय. हे लिहितात, मी एकेक अक्षर लावून वाचते, तोवर समोरच्याचा जीव जातो. लिहिलं, "बॅटरीची टोकं बघ. पांढरं जमलंय का."

अभय बघून आला. जमलंय म्हणाला. ह्यांनी लिहिलं, गरम पाणी ओत. मी सांगितलं.

६ जानेवारी

गरम पाणी ओतलं, ते बॅटरीवरच गोठलं. आता टोकं बर्फात आहेत. ह्यांना म्हटलं, खडकीत बसून हिमालयाला शहाणपणा शिकवा. हे हसले. आवाज नसला की हसताना माणूस रडल्यासारखा दिसतो. मला आवडत नाही.

हॉस्पिटलातून फोन आला. पुढच्या उपचाराचं बोलायचंय, मुलाला घेऊन या. मी म्हटलं, मला सांगा, मी बायको आहे. "नाही आजी, मुलगा आला की बोलू." तिसरी शिकलेल्या बाईला कळणार नाही असं त्यांना वाटतं. पेशंटचं अंग कोण पुसतं, ते त्यांना ठाऊक नसेल.

अभयला सांगितलं, डॉक्टर तुझ्यासाठी थांबलेत. गाडी लवकर नीट कर आणि ये. "हो आई" म्हणाला आणि फोन कट झाला. तिकडे रेंज फार वाईट.

८ जानेवारी

ह्यांनी पाटी दोन्ही बाजूंनी भरली. बॅटरी खोलून घरात ने. चुलीजवळ ठेव, चुलीवर नको. थंडीत पार उतरलेली बॅटरी आतून गोठते. आधी वितळू दे, फुगली नाही ना ते बघ, मगच चार्जिंगला लाव. घाई केलीस तर फुटेल.

मी वाचत गेले, अभय "हं, हं" करत गेला. लहानपणी अभ्यास घेताना असंच करायचा. ऐकत नसायचा.

आतल्या दिव्यांसाठी आणि शेगडीसाठी दुसरी बॅटरी आहे. ती महागाची. घेताना मला म्हणाला होता, आई, हिच्यात कॉम्प्युटर आहे. आता म्हणतो, बर्फाइतकी गार झाली की तो कॉम्प्युटर चार्जिंगच घेऊ देत नाही. म्हणजे जिथं ऊब हवी तिथंच बंद. छपरावर सूर्यावर चालणारी काच आहे, तिच्यावर हातभर बर्फ. पाण्याची टाकी रात्रीत तडकली. असलं घर करून लोकांना फिरवतो हा.

बॅटरीचे व्होल्ट दाखवणाऱ्या मीटरचं गणितही ह्यांनी मला समजावलं, म्हणजे मला सांगता यावं. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी बारा-सहा दाखवते. अकरावर आली म्हणजे गेलीच. आणि गाडी सुरू झाली की इंजिनच बॅटरीला भरतं, तेव्हा मीटर चौदावर जातो. "चौदा दिसले की वळून बघू नको. निघ," असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. मी फोनवर वाचलं. रेघसुद्धा सांगितली.

११ जानेवारी, रविवार

बॅटरी वितळली, चार्ज झाली, लावली. गाडी सुरू झाली म्हणे. ह्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मेलेली.

मैत्री आली होती. म्हणाली, "आजोबा, समथिंग इज ड्रेनिंग इट." हे मान हलवत होते. आजोबाला इंग्रजी कळतं, मला नाही, असं दोघांनी ठरवून टाकलंय. गाडी बंद असताना कोणीतरी आतून बॅटरी पितंय, एवढं मलाही कळलं.

मग चोर शोधायचा खेळ. बॅटरीची एक वायर काढायची आणि मध्ये मीटर जोडायचा. मग एकेक फ्यूज उपटायचा. ज्या फ्यूजला आकडा खाली पडेल, तो चोर. अभय तिकडे हातमोजे काढून फ्यूज उपटत होता, बोटं बधिर झाली म्हणत होता. मी इकडे हेडमास्तरणीसारखी. "पंख्याचा काढला?" "काढला." "पडला?" "नाही." "हॉर्नचा?" "नाही पडला." सगळे उपटून झाले, आकडा तिथल्या तिथेच.

हे पाटी मांडीवर घेऊन बसले होते. लिहायचे थांबले. बऱ्याच वेळाने तीन शब्द लिहिले. "बुद्धासमोरचा दिवा बघ."

गाडी घेतली तेव्हा ह्यांनी स्वतःच्या हाताने पुढच्या काचेजवळ लहान बुद्धमूर्ती बसवली आणि तिच्यासमोर निळा बल्ब. गाडी बंद केली तरी तो विझता कामा नये म्हणून वायर सरळ बॅटरीला जोडली. मधे फ्यूज नाही, बटण नाही. इथे गाडी रोज धावायची तेव्हा काही बिघडलं नाही. तिकडे उभ्या गाडीत, मरणाच्या गारठ्यात, तो बल्ब रात्रंदिवस जळत राहिला.

अभय म्हणाला, "बाबांनी लावलाय तो." मी म्हटलं, "म्हणूनच सांगतायत ना, काढ."

त्याने वायर तोडली तेव्हा आकडा शून्यावर आला. मैत्रीने टाळ्या वाजवल्या. ह्यांनी पाटी उपडी ठेवली.

१२ जानेवारी

ह्यांनी सकाळी चहा घेतला नाही. पाटीवर "माझी चूक" असं लिहून मला दाखवलं. मी म्हटलं, बल्ब होता तो, खून नाही केला. लिहिलं ते पुसलं आणि पुन्हा तेच लिहिलं. मी ओला फडका घेऊन पाटी स्वच्छ पुसली आणि भाजी निवडायला दिली.

खोकला वाढलाय. गळ्याच्या भोकावर ओलं फडकं बांधते, हवा कोरडी जाऊ नये म्हणून. काल फडक्यावर लाल दिसलं. डॉक्टरांना सांगायला हवं. अभय आला की सांगेल.

१५ जानेवारी

आता तर गाडी सुरू व्हायलाच हवी. चोर सापडला, बॅटरी भरली. पण होत नाही म्हणतो. ह्यांनी सांगितलं, डिझेल घट्ट झालं असेल, टाकीखाली निखाऱ्यांची शेगडी ठेव, लांब ठेव. ठेवली. नाही. इंजिनाला जाणारी जाड काळी वायर घासून बसव. बसवली. नाही. दुसऱ्या गाडीला जोडून बघ. गावात सफरचंदवाल्याचा टेम्पो आहे, त्याला जोडली. नाही.

ह्यांना झोप नाही. बसल्या बसल्या बोटाने हवेत तारा जोडतात. एवढं कामाला लागलेलं मी ह्यांना ऑपरेशननंतर पाहिलं नव्हतं. अंग मात्र उतरलंय. पांढरा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर दिसतो.

हॉस्पिटलचा परत फोन. मुलगा कधी येणार? मी म्हटलं, बॅटरीला विचारा.

१९ जानेवारी

अभयचा फोन. आवाज बरा वाटला, उबेत बसल्यासारखा. मागे काहीतरी घरघरत होतं. त्या लोकांचा जनरेटर असेल.

"आज मीटर काय म्हणतो?" विचारलं.

"चौदा-दोन," म्हणाला. मग लगेच, "म्हणजे बारा-दोन, आई. बारा-दोन. काच धुरकट झालीय मीटरची."

"सुरू झाली का?"

"नाही ना."

"मग आता काय करायचं, बाबांना विचारू?"

"विचार."

मी ह्यांच्याकडे बघितलं. पाटी मांडीवर, पेन्सिल हातात. हे फोनकडे बघत होते. नुसते बघत होते. मी म्हटलं, अहो, लिहा की, पोरगं गच्चीवर गारठलंय. लिहिलं नाही. पेन्सिल ठेवून दिली. दमले असतील. अभयला सांगितलं, उद्या कर फोन.

२० जानेवारी

आज ह्यांनी फोनच्या वेळी डोळे मिटून घेतले. रोज माझ्याआधी फोनला हात घालणारा माणूस. अभय म्हणाला, "बाबा काय म्हणतात?" मी म्हटलं, "काही म्हणत नाहीत."

बारा-एक म्हणाला आज. लिहून ठेवते. कोणीतरी ठेवायला हवं.

२५ जानेवारी, रविवार

मैत्री आली. फोनवर काय काय बघत होती. मग म्हणाली, "आजी, मामा जिथं आहे ना, तो रोड ओपन आहे. खाली रोज बस पण सुटते. मी चेक केलं."

"बस सुटते, पण त्याची गाडी सुटत नाही ना."

"आजी, बॅटरी फुल, ड्रेन काढला, जंप पण दिला. आता स्टार्ट न व्हायला काही कारणच नाहीये."

"तू तिथं आहेस का बघायला? उणे अठरा आहे. तुला फ्रिजमधलं पाणी प्यायलं की सर्दी होते."

ह्यांनी तिचा हात धरला आणि मानेनेच नको म्हटलं. काय नको, ते मला कळलं नाही. तिला कळलं असावं, कारण तिने फोन खाली ठेवला आणि आजोबांच्या पायाला तेल लावत बसली. कधी लावत नाही.

२६ जानेवारी

आज हे उठून बसले. स्वतःहून पाटी मागितली. मला बरं वाटलं. म्हटलं, आता काहीतरी निघेल.

अभयचा फोन आला. ह्यांनी लिहून मला दिलं. मी नेहमीसारखं अक्षर लावत मोठ्याने वाचत गेले.

"गाडी चालू करू नको. एवढ्या थंडीत जोर दिला तर इंजिन जाईल. आहे तिथे राहा. उन्हाळा लागला की बघू."

वाचून झाल्यावर मला कळलं मी काय वाचलं ते. तोवर ते त्याच्या कानात गेलं होतं.

त्याने मला पुन्हा वाचायला लावलं. मग, "बाबा म्हणाले असं?"

"म्हणतील कसे. लिहिलंय."

"बाबा जवळच आहेत?"

"मग कुठे जातील, कवायतीला?"

"बरं," म्हणाला. मग पुन्हा, "बरं. सांग त्यांना, नाही करत चालू." नाक ओढत होता. सर्दी झाली असणार. मी म्हटलं, कानटोपी घाल. घालतो म्हणाला.

फोन ठेवला आणि मी ह्यांना धारेवर धरलं. इतके दिवस टेम्पो जोड, निखारे ठेव, वायर घास, आणि आता म्हणे उन्हाळा. डॉक्टर काय उन्हाळ्यापर्यंत थांबणारेत? पोरगं एकटं तिकडे बर्फात, आणि बाप म्हणतो राहा. तुमची अक्कल आवाजाच्या पेटीबरोबरच काढली काय त्यांनी?

हे भिंतीकडे तोंड करून झोपले. भोकातून श्वास शिट्टीसारखा येत होता. मी भांडी घासली, तीन वेळा तीच.

२७ जानेवारी

मैत्रीला कॉलेज बुडवून बोलावलं आणि ह्यांना तिच्याजवळ ठेवून मी एकटी हॉस्पिटलात गेले. डॉक्टरीण मैत्रीपेक्षा थोडी मोठी असेल. मी खुर्चीत बसले आणि सांगितलं, मुलगा येणार नाही. त्याची गाडी सुरू होत नाही. मला सांगा, आणि शिकलेल्याला सांगता तसं सांगा, समजलं नाही तर मी परत विचारीन.

ती म्हणाली, "आजी, तुमच्या मुलाला आम्ही नोव्हेंबरातच सगळं सांगितलं होतं. त्यांनी घरी सांगितलं नाही?"

मी म्हटलं, "सांगितलं. तुमच्याकडून ऐकायचंय."

पसरलंय. छातीत गेलंय. तेव्हाच गेलं होतं. किरणांचा शेक द्यायचा की नाही, तेवढंच विचारायचं होतं, आणि आता तोही देऊन काही होणार नाही, त्रासच होईल. दुखण्याचं औषध लिहून दिलं. किती दिवस, तेही मी विचारलं. तिने सांगितलं. ते इथं लिहीत नाही. विसरणार नाही.

बाहेर येऊन बाकावर बसले. एक बाई जवळ येऊन पाणी हवंय का विचारत होती. मी म्हटलं, मला काय झालंय?

बसमध्ये एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. नोव्हेंबरातलं गिऱ्हाईक. चौदा-दोन, म्हणजे मागे घरघरत होतं ते इंजिन. ह्यांनी पेन्सिल ठेवून दिली ती. ह्यांच्या कारखान्यातल्या कामाला मी जन्मभर नावं ठेवली, पण ह्यांना एका आकड्यात कळलं आणि मला इतके दिवस लागले. अभयचा राग येतोय. इतका, की तो समोर असता तर लाटणं घेतलं असतं. तो समोर नाही. तेच तर आहे.

घरी आले. ह्यांनी भुवया उचलल्या. मी म्हटलं, डॉक्टरीण रजेवर आहे, बुधवारी बघू. उद्याच बुधवार आहे. ह्यांनी मान हलवली. पाटी मागितली नाही. मी पेज गरम केली. निम्मी घेतली.

२८ जानेवारी

नवीन औषधाने ह्यांना दुपारी झोप लागली. कपाळावरची फुगलेली शीर खाली बसली होती, तशी किती दिवसांनी पाहिली.

फोन वाजला. मी तो घेऊन दारात गेले.

"आई, आज अकरा-आठ."

सगळं बोलायचं ठरवून ठेवलं होतं. भाड्याला पैसे नाहीत का, बसमध्ये जागा नाही का, बाप तुझा आहे ना. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, आणि मग मला ते ऐकून घ्यावं लागलं असतं. आणि आला असता तर दारात उभा राहून ह्यांच्याकडे बघितलं असतं त्याने, आणि ह्यांना त्याला धीर द्यावा लागला असता. कशाने देणार? पाटीवर?

"आई? ऐकतेस ना? अकरा-आठ."

"कमी आहे," मी म्हटलं.

"हो ना."

"एवढ्यावर काही सुरू व्हायची नाही. तू तिथंच थांब."

मग म्हणाला, "एकदा बाबांना विचारून सांग ना."

मी फोनवर हात ठेवला. समोरच्या गच्चीवर कोणीतरी गाद्या उन्हात टाकत होतं, ते बघितलं. विचारायला जेवढा वेळ लागला असता तेवढा जाऊ दिला.

"विचारलं," म्हटलं. "तेही तेच म्हणतात."

"बरं. मग उद्या परत बघतो."

"बघ. रोज फोन कर आणि आकडा सांग."

आत आले तेव्हा हे झोपलेलेच होते. मी पाटी पुसून फळीवर ठेवली.